हुरड्याची आगटी, शाळीग्राम आणि एक बुडालेली बोट : सोलापूरचे तीन दिवस

जानेवारीच्या शेवटी मावसभावाचा फोन आला, "शनिवारी हुरडा हाय रानात, आणि रात्री क्विझ ठेवलीय, येतूस का?" विषय विचारले तर म्हणाला तीन आहेत, डायनासोरच्या काळातले समुद्री प्राणी, इंटरनॅशनल स्पोर्ट्स आणि आरमाराचा इतिहास. मी म्हटलं दादा, सोलापुरात आरमार? तर लगेच, "का बे, नळाला रोज पाणी येत नाही म्हणून समुद्रावर बोलायचंच नाही का आम्ही?"

विषय असे विचित्र का तर त्याचंही कारण आहे. आरमार हा शेजारच्या काकांचा हट्ट, ते पंधरा वर्षं नेव्हीत होते आणि आता सात रस्त्याजवळ फ्लॅटमध्ये राहून समुद्राची आठवण काढत असतात. स्पोर्ट्स दादाचं. आणि समुद्री प्राणी माझ्या बारा वर्षांच्या भाचीचे, तिनं दिवाळीत सगळ्यांना मेगालोडॉन नावाच्या जुन्या शार्कवरून इतकं पिडलं होतं की दादानं तेव्हाच कबूल केलं होतं, पुढच्या वेळी तुझा विषय नक्की. त्यामुळे तिला नेणं भागच होतं.

शुक्रवार

हुतात्मा एक्सप्रेस, पुण्याहून संध्याकाळी. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, गाडी वेळेत. भाचीनं दौंडपर्यंत मला चाळीस प्रश्न विचारले, कुर्डुवाडीपर्यंत मी झोपेचं सोंग घेतलं. सोलापूरला उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि थंडी! लोकांना वाटतं सोलापूर म्हणजे बारा महिने भट्टी, पण जानेवारीत रात्री आणि पहाटे चांगलंच गार असतं, स्वेटर न्याच.

मावशीनं जेवायला ठेवलं होतं पिठलं, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. कडक भाकरी पहिल्यांदा खाणाऱ्यानं ती पापडासारखी कुरकुरत खायची की चुरून हा प्रश्न विचारू नये, दोन्ही चालतं. भाचीनं पिठल्यात चुरली, मावशी खूश.

जेवताना दादानं टीम जाहीर केल्या. मी आणि भाची एका टीममध्ये, समोर काका आणि दादाचा ऑफिसचा मित्र, तिसऱ्या टीममध्ये दोन्ही वहिन्या. प्रश्न प्रत्येकानं आपापल्या विषयाचे काढायचे आणि आपल्या विषयाला आपण उत्तर द्यायचं नाही. म्हणजे भाचीला समुद्री प्राण्यांवर एकही मार्क मिळणार नव्हता, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शनिवार

सकाळी मावशी पूजा करत होती आणि भाची देवघरापुढे मांडी घालून बसलेली, मला वाटलं काय संस्कार झालेत एका रात्रीत. तर ती शाळीग्राम बघत होती. मावशीच्या सासूबाईंच्या वेळचा आहे तो, काळाभोर, एका बाजूनं फुटलेला आणि आत चक्रासारखी गोल गोल नक्षी. भाची म्हणाली, "मावशीआजी हा अमोनाईट आहे." मावशी म्हणाली, "तो विष्णू आहे बाळा." दोघींचंही बरोबर होतं.

झालं असं की अमोनाईट म्हणजे शंखासारखं कवच असलेला, माकूळ आणि ऑक्टोपसच्या लांबच्या नात्यातला समुद्री प्राणी. शाळीग्राम येतात नेपाळमधल्या काली गंडकी नदीतून, म्हणजे हिमालयातून, आणि हिमालय जिथं उभा आहे तिथं आधी टेथिस नावाचा समुद्र होता. भारताचा तुकडा सरकत सरकत आशियाला धडकला, समुद्राचा तळ वर उचलला गेला, त्यात दगड झालेले हे प्राणीही वर गेले, आणि नदी त्यांना पुन्हा खाली घेऊन येते. मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे समुद्रात होता ना? मग विष्णूच." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तिनं गंध लावलं, तुळस वाहिली, विषय संपला.

नंतर आम्ही सिद्धेश्वराला गेलो. देऊळ तळ्याच्या मधोमध आहे आणि सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतं, शनिवारी गर्दीही बेताची होती. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, अजून उठला नव्हता, होम मैदानावर पाळणे उभे होते पण सकाळी सगळं झाकलेलं. (गड्ड्याला जायचं तर रात्रीच जा, आणि संक्रांतीच्या दोन-तीन दिवसांत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्या, बघायचे असतील तर गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा.)

तिथून भुईकोट किल्ला अगदी जवळ. खरी गंमत इथं झाली. भाची तटाच्या दगडाला नाक लावून बघत होती, शंखशिंपला सापडतो का म्हणून, तेवढ्यात मॉर्निंग वॉकला आलेले एक आजोबा थांबले, कानटोपी, हातात काठी. "काय शोधालीस ग?" तिनं सांगितलं. ते हसले, म्हणाले, "इथं जन्मभर शोधलीस तरी मिळायचा नाही." कुठल्याशा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे ते, रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली म्हणे. मग अर्धा तास आमचा क्लास.

त्यांनी काठीनं दगडातली बारीक बारीक भोकं दाखवली. हा बेसाल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा, आणि ही भोकं म्हणजे त्यातल्या वायूचे बुडबुडे. काही भोकांत पांढरं पांढरं भरलेलं असतं ती नंतर तयार झालेली खनिजं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत राहिला, एकदा नाही, थरावर थर, लाखो वर्षं, आणि आजही पाच लाख चौरस किलोमीटर जमीन त्याखाली आहे. सह्याद्रीत जे जिन्यासारखे टप्पे दिसतात ते हेच थर, म्हणून नाव दख्खन ट्रॅप, ट्रॅप म्हणजे स्वीडिश भाषेत जिना. लाव्ह्यात कुठला शिंपला टिकणार! समुद्री जीवाश्म बघायचे तर कच्छला जा म्हणाले, तिथं इक्थिओसॉर सापडलाय, डॉल्फिनसारखा दिसणारा पण सरपटणारा प्राणी, जवळजवळ साडेपाच मीटर लांब, २०१७ साली त्याचा शोध जाहीर झाला. नाहीतर तमिळनाडूत अरियालूरला, तिथं अमोनाईटच अमोनाईट.

भाची हिरमुसली. मग त्यांनी शेवटचं जे सांगितलं त्यानं मीसुद्धा गप्प झालो. म्हणाले, "तुझे अमोनाईट कधी संपले माहितीये का?" तिला माहीत होतं, ६.६ कोटी वर्षांपूर्वी. "आणि हा दगड कधीचा मी आत्ता काय सांगितलं?"

अमोनाईट, समुद्रातले सरपटणारे प्राणी म्हणजे मोसासॉर आणि लांब मानेचे प्लेसिओसॉर, जमिनीवरचे डायनासोर, सगळ्यांचा शेवट झाला त्याच सुमाराचा हा दगड. मेक्सिकोत उल्का पडली ती मुख्य मारेकरी असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, या लाव्ह्याचा हात किती यावर अजून भांडणं चालू आहेत. पण म्हणजे समुद्रातला एकही प्राणी न सापडणारा हा किल्ला त्यांच्या मृत्यूच्या वेळचा साक्षीदार तरी आहे. आजोबा "चल, नाष्ट्याला उशीर होतोय" म्हणून निघूनपण गेले, नाव विचारायचं राहिलं.

दुपारी बार्शी रोडनं नान्नजच्या अलीकडे दादाच्या मित्राच्या रानात. (माळढोक पक्षी दिसेल ही आशा ठेवून जाऊ नका, तो आता औषधालासुद्धा दिसत नाही. काळवीट मात्र आम्हाला दिसले, सात-आठ.) दोन्ही बाजूला ज्वारी उभी, कणसं हिरवी-पांढरी. वाटेत दादा म्हणाला की ही ज्वारीची मालदांडी जात, पेरल्यावर पाऊस नाही पडला तरी काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर येते. भाची एकदम म्हणाली, "मामा, काळी माती कशाची झाली?" बेसाल्ट झिजून. ती बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होती.

आगटी पेटली पाचच्या सुमारास. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्या, विस्तव झाला की कणसं खुपसायची आणि भाजली की एकजण हातानं चोळून दाणे पाडतो. चोळणारे दादाच्या मित्राचे वडील, सत्तरीचे, तळहात असे की विस्तवातलं कणीस सरळ उचलायचे. दाणे गरम गरम, कोवळे, गोडसर, वर शेंगाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं. मी किती खाल्ला सांगत नाही. आजोबा मला म्हणाले, "पुण्याचं पावणं लाजालंय बघ," आणि अजून एक ओंजळ घातली.

टीप : हुरड्याला डिसेंबर शेवट ते फेब्रुवारी सुरुवात, त्यानंतर दाणा कडक होतो. जेवण करून जायचं नाही, आणि हुरड्यावर ढसाढसा पाणी प्यायचं नाही, ताक प्या.

क्विझ सातला सुरू होणार होती. दादानं प्रोजेक्टर आणला होता, पांढरी चादर बांधली होती दोन बांबूंना, आणि बरोब्बर सातला लाईट गेली. अर्धा तास वाट बघितली, नाही आली. मग आगटीच्याच उजेडात सुरू केलं आणि खरं सांगतो, ते झालं ते बरंच झालं. फोटो राउंडचं काय करायचं तर भाचीनं काडी घेतली आणि राखेत चित्रं काढून प्रश्न विचारले.

पहिलं चित्र गोल चक्र. मावशी मागून ओरडली, "शाळीग्राम!" ती कुठल्याच टीममध्ये नव्हती, तरी तिला दहा मार्क द्यावे लागले.

दुसरा प्रश्न, मेगालोडॉननं टी-रेक्सला खाल्लं असतं का? काकांची टीम शास्त्रोक्त चर्चेत शिरली, पाण्यात उतरला असता तर खाल्लं असतं वगैरे. उत्तर नाही, कारण भेटच शक्य नव्हती. मेगालोडॉन शार्क आला डायनासोर जाऊन चार कोटी वर्षं झाल्यावर, आणि संपला साधारण ३६ लाख वर्षांपूर्वी. सिनेमे बघून सगळ्यांचा घोळ होतो तो हाच.

तिसरा, संपला असं समजून शास्त्रज्ञांनी श्राद्ध घातलं आणि १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत मच्छीमाराच्या जाळ्यात जिवंत निघाला तो मासा कोणता? सीलाकँथ. मोठ्या वहिनींनी सांगितलं! त्या शाळेत विज्ञान शिकवतात हे आम्ही विसरलो होतो. म्युझियममधल्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर नावाच्या बाईंनी तो ओळखून जपून ठेवला म्हणून जगाला कळलं, हेही त्यांनीच सांगितलं, वर "बाईंनी" या शब्दावर जोर देऊन. मग भाचीनं मेरी ॲनिंग काढली, इंग्लंडच्या लाइम रीजिसची, १८११ मध्ये तिच्या भावाला इक्थिओसॉरची कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी उरलेला सांगाडा हिनं शोधला तेव्हा ती बारा वर्षांची होती. बारा वर्षांची हे तीनदा सांगून झालं.

दादाच्या स्पोर्ट्सला मी चांगला खेळेन असं मला वाटत होतं. पहिलाच प्रश्न, भारताकडून कसोटीत पहिलं द्विशतक कोणी काढलं? मी छातीठोक, विनू मंकड! दादा एवढा हसला की कणीस खाली पडलं. "बघ बे, सोलापुरात बसून हे उत्तर." पॉली उम्रीगर, जन्म सोलापूर, १९२६. हैदराबादला १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध २२३. माझी चूक अगदीच अडाणी नव्हती, कारण त्याच सीरिजमध्ये पुढच्या कसोटीत मंकडनी मुंबईत काढले तेही बरोब्बर २२३, आणि मग मद्रासला २३१ काढून रेकॉर्ड स्वतःकडे घेतलं. पण मार्क गेले ते गेले.

खाशाबा जाधव तर महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही माहीत, १९५२, हेलसिंकी, ब्राँझ, म्हणून दादानं फिरवून विचारलं की खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल मिळायला किती वर्षं लागली? ७२. पॅरिस २०२४, कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स, पुन्हा ब्राँझच. बहात्तर हा आकडा ऐकून आगटीभोवती एक क्षण सगळे गप्प होते. मग दादाचा मित्र म्हणाला, "आपण हुरडा खात बसल्यावर काय होणार."

काकांच्या आरमारात खरी भांडणं झाली. जगातलं सगळ्यात छोटं युद्ध? इंग्लंड आणि झांझिबार, २७ ऑगस्ट १८९६, ब्रिटिश युद्धनौकांनी सुलतानाच्या राजवाड्यावर तोफा डागल्या, त्याची एकुलती एक बोट ग्लासगो बुडवली. किती वेळ चाललं? भाची म्हणाली ३८ मिनिटं, काकांच्या कागदावर ४५. झाली सुरुवात. पुस्तकांतच ३८ ते ४५ असं वेगवेगळं दिलेलं असतं, त्यामुळे दोघंही मागे हटेनात, शेवटी चोळणाऱ्या आजोबांनी निकाल दिला की पोरीला मार्क द्या, थंडी वाजायला लागलीय. (तुम्ही घरी क्विझ घेणार असाल तर अशा आकड्यांना आधीच थोडी सूट ठेवा.)

नेव्ही डे ४ डिसेंबरला का, हे सगळ्यांना अर्धवट माहीत होतं. काकांनी नीट सांगितलं. १९७१, निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाईल बोटी. छोट्या, पल्ला कमी, म्हणून बराचसा रस्ता त्यांना मोठ्या जहाजांनी ओढत नेलं आणि रात्री कराचीवर हल्ला केला, आपलं एकही माणूस गेलं नाही. मग पाच दिवसांनी ९ डिसेंबरला आपली युद्धनौका खुकरी. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तिचे कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. हा प्रश्न नव्हता, काकांनी नुसतंच सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता पण हातातलं कणीस त्यांनी खाल्लं नाही. कोणी मार्क विचारले नाहीत, त्यानंतर क्विझ पुढे सरकलीच नाही आणि कोण जिंकलं हे आजपर्यंत ठरलेलं नाही. वहिन्या म्हणतात त्या. घरी पोचल्यावर कळलं की लाईट आम्ही निघाल्यावर दहा मिनिटांत आली होती.

रविवार

उशिरा उठलो. खरेदी, म्हणजे शेंगाची चटणी दोन किलो, कडक भाकरीचे चार पुडे आणि चादरी. चादर घेताना उलट-सुलट दोन्ही बाजू बघा, नक्षी दोन्हीकडून दिसली पाहिजे. दुकानदार आमच्याशी मराठीत, नोकराशी तेलुगूत, फोनवर कन्नडमध्ये आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी हिंदीत, हे सगळं एका चादरीच्या घडीत.

मग काका स्वतःहून आम्हाला डॉक्टर कोटणीसांचं स्मारक दाखवायला घेऊन गेले. १९३८ साली चीनला जखमींवर उपचार करायला गेलेला हा सोलापूरचा मुलगा परत आलाच नाही, बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेला. तारीख वाचून भाचीनं काकांकडे बघितलं. ९ डिसेंबर, १९४२. काका म्हणाले, "म्हणून तर आणलं तुला."

शेवटी चार हुतात्मा पुतळ्यांपाशी. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली, पुण्यात, येरवड्याला. काका म्हणाले, "तुमची हुतात्मा एक्सप्रेस यांच्याच नावाची. रोज सकाळी सोलापूरहून पुण्याला जाते, संध्याकाळी परत आणते." मी या गाडीनं वीस वर्षं प्रवास करतोय आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तिथंच त्यांनी भाचीला शेवटचा प्रश्न घातला. "याच १९३१ साली ऑगस्टमध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला मुंबईहून बोटीनं गेले. साधी प्रवासी बोट. पुढं महायुद्धात ब्रिटिशांनी तिच्यावर तोफा बसवून तिला लढाईला लावलं आणि एप्रिल १९४१ मध्ये आइसलँडच्या पलीकडं जर्मन पाणबुडीनं बुडवली. बोटीचं नाव सांग. मोबाईल बघायचा नाही." तिनं हिंट मागितली. "ते नाव आता नकाशावर नाही."

रात्री गड्ड्यात पाळण्यात बसलो, मौत का कुआँ बघितला, भाचीचं कशातच लक्ष नव्हतं.

सोमवार

पहाटे स्टेशन. मावशीनं डब्यात शेंगापोळ्या दिलेल्या, तूप वेगळं. सकाळची हुतात्मा नोकरदारांनी भरलेली असते, रिझर्वेशन आधीच करा, एवढंच सांगतो. भाचीनं मोबाईल माझ्याकडे जमा केला होता, मोह नको म्हणून. कुर्डुवाडीपर्यंत तिनं मला सतरा नावं विचारली, सिलोन? पर्शिया? बर्मा? मलाही माहीत नव्हतं त्यामुळे मी नुसता मान हलवत होतो. भिगवणच्या आसपास उजनीचं पाणी दिसायला लागलं, सगळा डबा त्या बाजूला वाकून फ्लेमिंगो शोधायला लागला, आणि ही मधेच किंचाळली, "मामा, राजस्थानचं जुनं नाव काय होतं?"

राजपुताना.

फोन लावला. पलीकडून काकांचा शांत आवाज, "बरोबर. आता पाणबुडीचा नंबर सांग."